शिबिरातला बंधारा आणि २०पैकी १८

पत्र :

ताई, नमस्कार.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. यंदा 'नेतृत्व : सिद्धांत आणि व्यवहार' हा ४ क्रेडिटचा ऐच्छिक विषय घेतला. निम्मे गुण लेखी परीक्षेचे, निम्मे प्रत्यक्ष कामाचे. लेखी चाचणीत मला २०पैकी १८ मिळाले. कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगावर मी चार पानं लिहिली होती, लोकशाही नेतृत्व सगळ्यात चांगलं का, ते उदाहरणांसह.

प्रत्यक्ष कामासाठी सरांनी मला डिसेंबरातल्या एनएसएसच्या श्रमसंस्कार शिबिरात एका गटाची प्रमुख केलं. आम्ही १६ जण, ७ दिवस, आणि गावच्या ओढ्यावर एक वनराई बंधारा घालायचा. पहिल्याच सकाळी मी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हटलं, बंधारा कुठे घालायचा, कसा घालायचा, कोण काय करणार, तुम्हीच ठरवा. (आदल्या संध्याकाळी गावातल्या एका काकांनी मला जागा दाखवली होती. खाली कातळ आहे, पाणी धरेल, म्हणाले. पण मी ते गटाला सांगितलं नाही, कारण मग निर्णय माझा झाला असता.) दोन तास नुसता वाद. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी निम्मी मुलं आंब्याखाली मोबाइल घेऊन बसली. चौथ्या दिवशी सर आले, सगळ्यांना झाडलं, कामं वाटून दिली आणि दीड दिवसात बंधारा उभा राहिला. मधे सर तालुक्याला बँकेत गेले तेवढा वेळ पुन्हा सगळे बसले होते, पण ते आल्यावर काम सुरू झालं.

आमच्या गटातला एक मुलगा ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो. त्याने नेतृत्वावरचं एक पानही वाचलेलं नाही, पण तो 'चला रे' म्हणाला की चार जण उठायचे. माझ्या 'चला'ला कुणी हललं नाही.

फेब्रुवारीअखेर अहवाल द्यायचा आहे. मैत्रीण म्हणते, बंधारा झालाय ना, फोटो आहेत ना, मग 'गटचर्चेतून लोकशाही पद्धतीने काम पूर्ण केले' असं लिहून टाक, कोण बघतंय. बाबा म्हणतात, नेतागिरी ही काय कॉलेजात शिकायची गोष्ट आहे का? हा विषय शिकून खरंच काही उपयोग आहे का? पुढच्या सत्रात याचाच दुसरा भाग आहे, तो घेऊ की सोडू? की मुळात माझ्यातच ते नाही?

तुमची,
पोरकी गटप्रमुख, सातारा जिल्हा

उत्तर :

प्रिय गटप्रमुख,

'पोरकी' हा शब्द मी खोडलाय, रागावू नकोस. तुझं पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. २८ वर्षं पेपर तपासल्याची खोड आहे, ती निवृत्तीनंतरही जात नाही. त्या पेन्सिलीने मी कंसातल्या ओळींखाली रेघ मारली. अख्ख्या पत्रातली सर्वात मोलाची गोष्ट तू कंसात टाकली आहेस. काकांनी जागा दाखवली होती, खाली कातळ होता, आणि तू ते १५ जणांना सांगितलं नाहीस.

आता तुझ्या त्या चार पानांकडे येऊ. लेविनचा प्रयोग तू पाठ केलास, पण बहुधा गाइडमधून. तिथे तीन खोके असतात : हुकूमशाही, लोकशाही, मोकाट. पहिल्यावर फुली, दुसऱ्यावर बरोबरची खूण, तिसरा दोन ओळींत उरकलेला. मूळ प्रयोग यापेक्षा बराच गमतीचा आहे. लेविन ज्यू होता, १९३३ साली हिटलरचा जर्मनी सोडून अमेरिकेत आला. तिथे आयोवा विद्यापीठात त्याने रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या दोघांबरोबर १९३८-३९च्या सुमाराला दहा-दहा वर्षांच्या मुलांची छोटी मंडळं जमवली. मुलं शाळा सुटल्यावर यायची, मुखवटे वगैरे बनवायची. प्रत्येक मंडळावर एक मोठा माणूस, आणि आखून दिलेल्या पद्धतीनेच त्याने वागायचं. लेविनला पडलेला प्रश्न मुखवट्यांचा नव्हताच. माणसं हुकूमशहाच्या मागे का जातात आणि गेल्यावर त्यांचं काय होतं, हे त्याला बघायचं होतं. ज्या देशातून तो पळाला होता तिथे तेव्हा तेच चाललं होतं.

त्या प्रयोगातला लोकशाही नेता नेमकं काय करायचा, हे गाइडमध्ये नसतं. पहिल्याच बैठकीत तो कामाचे टप्पे ढोबळपणे सगळ्यांपुढे मांडायचा. म्हणजे कुठे पोचायचंय आणि वाट साधारण कशी आहे, हे प्रत्येक पोराला कळलेलं असायचं. जिथे तांत्रिक माहिती लागेल तिथे तो दोन-तीन पर्याय पुढे ठेवायचा आणि त्यातून निवड मुलांवर सोडायचा. कोण कुणाबरोबर काम करणार, तेही मुलं ठरवायची. तिसऱ्या, मोकाट प्रकारातला नेता 'तुम्हीच ठरवा' म्हणून बाजूला बसायचा. साहित्य द्यायचा, कुणी विचारलं तर माहिती द्यायचा, त्यापलीकडे काही नाही.

आता सांग, पहिल्या सकाळी तू यातली कोण होतीस?

गंमत म्हणजे हा तिसरा प्रकार सुरुवातीच्या आराखड्यात नव्हताच. लोकशाही नेत्याची भूमिका करणाऱ्या व्हाइटचा हात इतका सैल पडला की त्याच्या मंडळात वेगळंच काहीतरी घडताना दिसलं, आणि मग त्याला स्वतंत्र नाव द्यावं लागलं. प्रयोग करणाऱ्या पदवीधर मानसशास्त्रज्ञाची जी चूक झाली तीच तुझी झाली. त्याच्या चुकीतून जगाला एक संज्ञा मिळाली, तुला तीन वाया गेलेले दिवस मिळाले. एवढाच फरक. तेव्हा लोकशाही नेतृत्व तुझ्या ओढ्यावर हरलं असं म्हणू नकोस. ते तिथे आलंच नव्हतं.

आणि सर बँकेत गेले तेवढा वेळ सगळे बसले होते, हे तू ओघात लिहून गेलीस. अगं, तोच तर लेविनचा दुसरा निष्कर्ष आहे! हुकूमशाही नेता खोलीत असेपर्यंत काम जोरात, तो बाहेर पडला की एकदम खाली. लोकशाही मंडळात नेता असो-नसो, कामाचा वेग फारसा हलला नाही. चाचणीत हे तू लिहिलं असणारच. १८ मिळाले म्हणजे लिहिलंच असशील. पण डोळ्यांसमोर घडलं तेव्हा ओळखलं नाहीस. तुझ्या 'उपयोग काय' या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. सिद्धांताने बंधारा बांधला जात नाही. पण समोर काय चाललंय ते दिसायला लागतं, आणि दिसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी वेगळं करता येतं. तुला ते दोन महिन्यांनी पत्र लिहितानाही दिसलं नव्हतं, हे खरं. म्हणून तर शिकायचंय.

पहिली सकाळ वेगळी कशी गेली असती, बघ. तू गटाला घेऊन ओढ्यावर गेली असतीस. काकांनाही बोलावलं असतंस. 'काका म्हणतात इथे कातळ आहे. दुसरी जागा त्या वळणावर आहे, तिथे पात्र अरुंद आहे म्हणून पोती कमी लागतील, पण खाली माती आहे. बोला.' अर्ध्या तासात निर्णय झाला असता आणि तो गटाचाच झाला असता. मग पोत्यांत माती भरणारे, दाभणाने तोंडं शिवणारे, साखळी करून पोती पुढे देणारे आणि ओढ्यात उतरून सांधेमोड करत, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता, पोती रचणारे, अशी चार कामं. कोण कुठे जाणार ते मुलांनी ठरवलं असतं आणि दुपारी अदलाबदल झाली असती. माहिती लपवून ठेवली की निर्णय लोकशाही होतो, हा तुझा समज कुठून आला मला माहीत नाही. पण तो तुझ्या एकटीचा नाही. फार मोठमोठ्या कचेऱ्यांत बैठका अशाच चालतात.

इथे गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गावाची आठवण होते. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या गावाची. २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होतं. त्या गावचे कार्यकर्ते देवाजी तोफा हे नाव तू ऐकलं असशील. त्या गावात निर्णय सर्वसहमतीने होतात, हे सगळेच कौतुकाने सांगतात. मला त्याहून शिकण्यासारखा वाटतो तो त्यांचा अभ्यासगट. एखाद्या विषयाची माहिती गोळा करायची, बाहेरच्या जाणकारांना बोलवायचं, उलटसुलट बोलायचं ते अभ्यासगटात. तिथे निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत. माहिती घेण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. तू दोन्ही एकाच गोलात, एकाच सकाळी, आणि तेही माहिती हातची राखून करायला गेलीस. शिवाय त्या गावाने सर्वसहमतीची सवय वर्षानुवर्षं अंगी बाणवली. तुझ्याकडे होते ७ दिवस, त्यातले काही तास प्रभातफेरीत आणि बौद्धिकात जाणार.

परक्या देशातल्या परक्या मुलांवरचा प्रयोग आपल्याला कशाला, असा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायला हवा होतास. या प्रश्नावर एका भारतीय माणसाने आयुष्य घालवलं. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा. १९८० साली त्यांनी जी मांडणी केली तिला इंग्रजीत 'नर्चरंट टास्क लीडर' म्हणतात. वर्गात मी त्याला 'मायाळू मुकादम' म्हणायचे. मुलं हसायची, पण परीक्षेत विसरायची नाहीत. आपल्याकडचा माणूस वरच्याकडून जिव्हाळ्याची अपेक्षा ठेवतो, आणि कामाचं स्पष्ट बोलणंही त्याला हवं असतं. पहिल्याच दिवशी सगळं गटावर सोपवणारा त्याला उदार वाटत नाही, बावचळलेला वाटतो. म्हणून सिन्हा म्हणतात, सुरुवातीला काम ठरवून द्या, माया करा, पण माया कामाशी बांधलेली असू द्या. माणसं कामात तयार होत जातील तशी दोरी सैल करा आणि शेवटी सहभागाकडे या. तू जिथे पोचायचं तिथून सुरुवात केलीस. आमच्या गावाकडे म्हणतात तसं, बारशाआधीच मुंजीची तयारी.

या मांडणीवर टीकाही झाली आहे. दोरी सैल करण्याचा दिवस बऱ्याच मुकादमांच्या आयुष्यात उजाडतच नाही, हे मीही पाहिलंय. तुझ्या सरांनी चौथ्या दिवशी जे केलं त्यात काम होतं, माया किती होती ते तू लिहिलेलं नाहीस. अहवालात लिही. सर नीट असतील तर रागावणार नाहीत.

आता तो ताशावाला. त्याच्याबद्दल तुझ्या पत्रात थोडी असूया आहे, ती ठेव, कामाची आहे. पण 'त्याने एक पानही वाचलेलं नाही' म्हणून तो शिकलेला नाही असं समजू नकोस. पथकात मुलगा येतो तेव्हा त्याच्या हातात पहिल्या दिवशी ताशा कुणी देत नाही. आधी ढोल उचलायचे, ताणायचे, पाणी आणायचं, रांगेत मागे उभं राहून ऐकायचं. गणपतीआधीचे दोन-दोन महिने रोज संध्याकाळी सराव. ताशाने बदल दिला की पन्नास ढोलांनी एका क्षणात बदलायचं, आणि चुकलं तर सगळ्या रस्त्याला कळतं. तो मुलगा रोज लेखी परीक्षेशिवाय प्रात्यक्षिक देत होता. तू वाचत होतीस तेव्हा तो मागे चालायला शिकत होता आणि मग पुढे चालायला. तुमच्या अभ्यासक्रमात जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या मानसशास्त्रज्ञांची १९५९ची सत्तेच्या पाच आधारांची मांडणी असेलच : पद, बक्षीस, शिक्षा, जाणकारी आणि माणसाविषयीची ओढ. ही पाच नावं घेऊन तुझ्या ओढ्याकडे बघ. पद तुझ्याकडे होतं, तेही सरांनी दिलेलं. बक्षीस आणि शिक्षा सरांच्या हातात. जाणकारी काकांकडे, आणि ओढ ताशावाल्याची. पाचातलं एक तुझ्याकडे, तेही उसनं. असं असताना नुसत्या 'चला'वर कोण हलणार? पण काकांना गटासमोर उभं केलं असतंस आणि ताशावाल्याला पहिल्याच संध्याकाळी बाजूला घेऊन 'उद्या साखळी तू लाव' म्हटलं असतंस, तर ते दोन्ही आधार तुझ्या बाजूने उभे राहिले असते. यात कमीपणा काही नाही.

आंब्याखालच्या मुलांबद्दल तुझी तक्रार आहे. माझी तुझ्याबद्दल आहे. तिसऱ्या दिवशी तू त्यांच्याजवळ जाऊन बसलीस का? पत्रात तसं दिसत नाही. माऊलींच्या पालखीत मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाज आरती असते. तू वारीला गेली नसशील तर कुणा वारकऱ्याला विचार. सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या, टाळमृदंगाचा गजर चाललेला, आणि चोपदार दंड वर करतात. क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ वाजवतच राहते. चोपदार त्या दिंडीकडे जातात, ऐकून घेतात, मग टाळ थांबतो. लाखभर माणसांच्या चालत्या गावात तक्रार कुणाची आहे ते आवाजावरून कळण्याची ही सोय. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त घालून दिली. शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेला माणूस तो, फौज कशी चालते ते बघितलेला. तुझी आंब्याखालची मुलं टाळ वाजवत होती गं. मोबाइलवर वाजवत होती, एवढंच.

विषयांतर झालं खरं, पण या विषयाचं हेच आहे, एकदा बघायला लागलं की जिथे-तिथे दिसतं.

'माझ्यातच ते नाही' या वाक्यावर मी फार वेळ घालवणार नाही. राल्फ स्टॉगडिल नावाच्या माणसाने १९४८ साली आधीच्या चार-पाच दशकांतले १२४ अभ्यास तपासले आणि सांगितलं, अमुक गुण आहेत म्हणून माणूस कुठेही नेता होतो, असं काही सापडत नाही. एका जागी पुढे असलेला दुसऱ्या जागी मागे असतो. नंतरच्या संशोधकांनी गुणांना थोडी जागा परत दिली, पण 'ते' नावाची एकच वस्तू कुणालाच सापडलेली नाही. तुझा ताशावाला उद्या तुमच्या विभागाच्या चर्चासत्राचा संयोजक झाला तर घामाघूम होईल.

आणि त्याची दुसरी बाजू. बंधारा झाला तो सरांमुळे आणि आधी झाला नाही तो माझ्यामुळे, असं तू धरून चालली आहेस. जेम्स माइंडल याने १९८५ साली सहकाऱ्यांबरोबर दाखवलं की काम फार चांगलं किंवा फार वाईट झालं की लोक त्याचं कारण नेत्यात शोधतात, बाकीच्या कारणांकडे डोळेझाक करून. आपण तर यात पटाईत. हिवरे बाजार म्हटलं की पोपटराव पवार. एम.कॉम. झालेला तरुण १९८९ साली सरपंच झाला आणि गाव पालटलं, ही गोष्ट खरीच आहे आणि त्यांचं श्रेय कुणी हिरावू नये. पण त्या गोष्टीत ग्रामसभा आहे, श्रमदान करणारे हात आहेत, आदर्श गाव योजनेचा पैसा आहे, चराईबंदी मान्य करून जनावरं आवरणारी माणसं आहेत. नेत्याचा अभ्यास करताना त्याला कुणी-कुणी धरून ठेवलं होतं ते लिहायचं. तुझ्या बाबतीतही तेच : तीन दिवस वाया गेले त्यात एकाच शिबिरात चार गट आणि घमेली पुरेशी नाहीत, असलं काही होतं का? आठवून बघ. बहुतेक शिबिरांत असतंच.

माझीही एक फजिती सांगते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला स्नेहसंमेलनाची जबाबदारी मिळाली. तेव्हा मी फ्रेड फिडलर या मानसशास्त्रज्ञाचं नेतृत्वावरचं पुस्तक वाचत होते. त्याच्या प्रश्नावलीत, ज्या माणसाबरोबर काम करणं तुम्हाला सगळ्यात नकोसं वाटलं त्याचं वर्णन करायचं असतं, आणि त्यावरून तुम्ही माणसं जपणारे की काम बघणारे ते कळतं म्हणे. मी ती भरली. माणसं जपणारी निघाले. झालं, राशिभविष्य वाचल्यासारखी खूश झाले आणि आठवडाभर सगळ्यांना चहा पाजत, विचारपूस करत फिरले. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आमच्या शिपाईमामांनी मला जिन्यात गाठलं. 'मॅडम, माणसं सगळी गोड आहेत. खुर्च्या कुणी मोजायच्या तेवढं सांगा.' कुणालाच सांगितलेलं नव्हतं. त्या रात्री मी आणि मामांनी ४०० खुर्च्या मोजल्या. फिडलरचं म्हणणं असं होतं की माणसाची तऱ्हा सहजी बदलत नाही, तेव्हा परिस्थिती तिच्याजोगी करून घ्या. ते पान मी संमेलन झाल्यावर वाचलं. पुढच्या वर्षी मामांना पहिल्या बैठकीपासून शेजारी बसवलं.

बाबांचं म्हणणं. त्यांच्यावर चिडू नकोस. आपल्या भाषेत या शब्दाचं नशीब खोटं आहे. 'नेता' म्हटलं की पांढरे कपडे आणि फ्लेक्स, 'पुढारी' म्हटलं की त्याच्याही पुढचं काही. 'नेता' मूळचा 'नी' धातूतला, म्हणजे नेणारा. बरोबर नेणं आलं त्यात. पण ते आता कोशात. मला विचारशील तर आपला 'कारभारी' हा शब्द चांगला होता, कारभार वाहणारा, भार त्यातच आला. तो खेड्यातल्या बायकांनी नवऱ्याला हाक मारायला घेतला आणि तिथेच राहिला. बाबांना 'नेतृत्व शिकतेय' असं सांगू नकोस. दहा-पंधरा माणसांकडून वेळेत काम कसं करून घ्यायचं ते शिकतेय, असं सांग. त्यांचा व्यवसाय तू लिहिला नाहीस, पण तो शेतीचा असो, दुकानाचा असो की सरकारी कचेरीतला, हा प्रश्न त्यांना रोज पडत असणार. एका संध्याकाळी त्यांनाच विचार, तुमचं कुणी ऐकलं नाही असं कधी झालं होतं का. आणि वहीत लिहून घे.

वही म्हटलं कारण ती तुला करायचीच आहे, अहवालासाठी. ख्रिस आर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन या दोघांनी १९७४ साली एक साधी गोष्ट मांडली : माणसाकडे दोन सिद्धांत असतात, एक सांगायचा आणि एक वागायचा. त्याला विचारलंत तर तो सांगायचा सिद्धांत सांगतो, आणि तो खोटं बोलत असतो असंही नाही, त्याला खरंच तसं वाटत असतं. वागायचा कोणता, ते त्याच्या वागण्यावरूनच कळतं. तू सांगायच्या सिद्धांतावर १८ मिळवलेस. अहवाल वागायच्या सिद्धांताचा आहे. तो सापडायला आर्गिरिसचीच एक युक्ती वापर. पानाला मधोमध उभी रेघ मार. उजवीकडे त्या सकाळी कोण काय बोललं ते आठवेल तसं, शब्दाला शब्द, नाटकाच्या संहितेसारखं. डावीकडे त्याच वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं आणि तू बोलली नाहीस ते. उजवीकडे 'तुम्हीच ठरवा', आणि त्याच्यासमोर डावीकडे 'काकांनी जागा दाखवली आहे, पण मी सांगितलं आणि ती चुकली तर?' असं काही निघेल. मी अंदाज करतेय, चुकत असेन. पण मला वाटतं निर्णय तुझा होईल याच्यापेक्षा, तो चुकला तर तुझ्या नावावर बसेल, ही भीती मोठी होती. तसं असेल तर लोकशाहीचा तू आडोसा केलास. डाव्या रकान्यात खरं काय ते तुलाच लिहावं लागेल.

तेव्हा मैत्रिणीचा सल्ला घेऊ नकोस. खोटं लिहिणं वाईट हे कारण आहेच, पण त्याहून सरळ कारण असं की ती ओळ शंभर अहवालांत असते. परीक्षक ती वाचताना जांभई देतो, हे मी जांभई दिलेली बाई म्हणून सांगते. 'तीन दिवस काम झालं नाही, त्याचं कारण मला असं वाटतं' असं सुरू होणारा अहवाल माझ्या २८ वर्षांत मोजून पाच-सहा वेळा हातात आला, आणि प्रत्येक वेळी मी चष्मा पुसून पुढे वाचलं. गुण कमी मिळाले तर? एखादे वेळी मिळतीलही. सगळे परीक्षक सारखे नसतात. तरीही.

अहवालात मुलांची खरी नावं घालू नकोस, गट 'अ', 'ब', 'क' पुरे. आणि आंब्याखालच्या दोघांना मसुदा वाचायला दे. ते हसतील, मग दोन गोष्टी अशा सांगतील ज्या तुझ्या कुठल्याच रकान्यात नसतील.

दुसरा भाग घे. एका अटीवर : प्रत्यक्ष कामात पुन्हा गटप्रमुख होऊ नकोस. पुढच्या शिबिरात भोजन समिती माग. अख्ख्या शिबिराला दोन वेळा वेळेवर जेवायला घालणं हे नेतृत्वाचं असं प्रात्यक्षिक आहे की ज्यात भात लागला तर लगेच कळतं. शिवाय तिथे तू दुसऱ्या कुणाच्या हाताखाली असशील. तुमच्या पुस्तकात अनुयायांवर प्रकरण असेल तर ते आधी वाच. रॉबर्ट केली याने १९८८ साली यावर लिहिलं तेव्हा लोकांना नवल वाटलं, की अरे, पुढे चालणाऱ्यांवर इतकं लिहिलं आणि मागच्यांवर काहीच नाही. पथकातल्या त्या मुलाने नेमका हाच पेपर आधी दिला होता.

एनएसएसचे वर्षाचे १२० तास भरायचे असतात म्हणून पोरं शिबिराला येतात, हे मलाही माहीत आहे. पण एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस आणि तुझ्या मैत्रिणीच्या फोटोंतही ती दिसायची नाही. बंधाऱ्यात आज पाणी आहे का? सरांच्या दीड दिवसात पोती कुठे रचली, काकांच्या कातळावर की दुसरीकडे? अहवाल द्यायच्या आधी एका रविवारी जाऊन बघून ये. काकांना भेट. जाताना ताशावाल्याला बरोबर ने, आणि एसटीत त्याला विचार की पथकात पहिल्या वर्षी त्याचं कोण ऐकत होतं.

तुझी,
ताई